मूलच्या रस्त्यावरचा चकवा

हे कोणी मानणार नाही. नागसेननं स्वतःच मानलं नसतं. पण जीप त्याच्याच हातात होती, आणि चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्याच मैलाच्या दगडाशी ती दुसऱ्यांदा येऊन ठेपली होती. दगडाशेजारी तेच अस्वल बसलं होतं.

"मघाशी हेच होतं ना?" शेजारी बसलेल्या बायकोनं, रश्मीनं विचारलं.

"अस्वलं काय, सारी सारखीच दिसतेत."

पण दगडही तोच होता. कोणा उनाडानं त्याला कोळशानं मिशा काढल्या होत्या. सरकार एकवेळ दोन दगड सारखे रोवील, पण तशाच झुपकेदार मिशा दोन दगडांना असणं शक्य नव्हतं.

नागसेननं घड्याळ पाहिलं. धास्ती अस्वलाची नव्हती, सासऱ्याची होती.

रात्रीच्या जेवणाला वडशाजवळच्या सासुरवाडीला पोचायचं ठरलं होतं. उशीर झाला की सासरा देवाजी एकच म्हणणार: जावई नाटकाले गेला. त्यात त्याची चूक तरी काय? कितीतरी हिवाळे नागसेन झाडीपट्टीच्या मंडपामंडपांतून कधी राजा तर कधी दरोडेखोर होऊन हिंडला होता. रात्रभर नाटक, दिवसभर झोप, आणि घरी चूल थंड. शेवटी देवाजीनं लेक आणि नात उचलून आपल्या घरी नेली. नागसेननं गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात नोकरी धरली, तेव्हा कुठं दोघी परत मिळाल्या. त्याही एका अटीवर. तोंडाला पुन्हा रंग लागला की दोघी कायमच्या माहेरी.

म्हणून आज वेळेवर पोचणं भाग होतं. त्यानं जीप दामटली.

वळण आलं, मोहाचं झाड आलं, नाला आला. पुन्हा वळण आलं. आणि मिशावाला दगड पुढं हजर.

मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली प्रज्ञा चुळबुळली. "बाबा, आबाचं घर आलं का?"

"आलंच, बेटा. झोप."

"तुमी मघाशी बी हेच म्हनलं," पोरगी पुटपुटली आणि कूस बदलून झोपली. झोपली ती झोपलीच. पुढचं तिनं काही पाहिलं नाही.

"सरळ रस्ता हाये हो हा," रश्मी म्हणाली. "मंग आपण फिरून कसे येऊन राह्यलो?"

"मले काय विचारते? मी स्टिअरिंग कुठी वळवलं?"

नागसेननं उलट चंद्रपूरकडे तोंड करून जीप हाणली. तरी दगड समोरच. जीप ढकलत नेली, तरी तेच. डावं-उजवं उरलं नाही, पुढं-मागं उरलं नाही. त्यानं खाली उतरून हाका मारमारून घसा बसवून घेतला. लांबून कोणीतरी हाकेला ओ दिली. कान देऊन ऐकलं तर आवाज त्याचाच, तोही बसलेला. एवढ्यात अस्वलही कंटाळलं. उठलं, जीपकडे पाहून मोठी जांभई दिली आणि जंगलात निघून गेलं.

"चकवा लागला हो," रश्मी हळूच म्हणाली. "सदरा उलटा घाला. माही आजी सांगे, कपडे उलटे केले की चकव्याले मानूस ओळखू येत नाई."

मरता क्या न करता! नागसेननं थंडीत कुडकुडत सदरा काढला, उलटा करून अंगात घातला. आणि काय सांगावं! दगडाच्या मिशा तिथल्या तिथं पुसल्या गेल्या. पुढं रस्ता धुतल्यासारखा मोकळा झाला, आणि सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी मागं टाकून जीप थांबली ती थेट उजाडलेल्या अंगणात.

एवढं सांगून नागसेननं बशीतला चहा संपवला. सदरा अजून उलटाच होता, शिवण बाहेर. घसाही बसलेलाच होता.

सासू बायनाबाई झोपलेल्या प्रज्ञाला खांद्यावर घेऊन उभी होती. आता दोघी इथंच राहणार म्हणून मायलेकींची पिशवी तिनं केव्हाच आत नेऊन ठेवली होती. तिनं लेकीकडे पाहिलं. "काओ रश्मी, खरं हाये का हे?"

"हो ना, माय," रश्मी चुलीत फुंकर घालत म्हणाली. वर काही तिनं पाहिलं नाही.

बायनाबाई विरघळली. "असन बापा. माह्या काकालेबी असाच लागला होता चकवा. बिचारा घरी आला त दाढी वाढून." ती आत गेली आणि पिशवी परत आणून नागसेनच्या पायाशी ठेवली.

आता उरला देवाजी. रात्रभर खळ्यावर धानाची जागल करून तो नुकताच परतला होता. खाटेवर घोंगडी पांघरून बसला होता. अस्वल आलं तेव्हा हुं नाही, मिशा पुसल्या तेव्हा चूं नाही.

"तुमी काऊन चूप, मामाजी?" नागसेननं विचारलं. "इस्वास नाई का?"

देवाजीनं घोंगडी आणखी घट्ट ओढून घेतली.

नागसेनला वाटलं, अजून एक खिळा ठोकला की काम पक्कं. "मले ठाऊक हाये, तुमाले काय वाटून राह्यलं. पन आता त्या नाटकात राह्यलं काय, मामाजी? माह्या तोंडाले रंग कायले लागते? आजकाल राजा मरते त लोकं बिड्या ओढत बसतेत. एकाच्या डोळ्यात पानी येईन, त शपथ!"

"पानी नाई?" देवाजी घोंगडी फेकून ताडकन उभा राहिला. "झूट! साफ झूट! काल रातच्याले वडशाच्या मंडपात तलवार लागून तुमी मेले, जावईबापू, तवा पयल्या रांगेत माहा अख्खा दुपट्टा भिजला!"