घोटभर पाणी

खड्डा मांडीभर खोल झाला आणि शांतवनचा टिकाव खडकावर वाजला. त्यानं पुन्हा घाव घातला. पुन्हा तोच आवाज. माणगंगेच्या काठची ही पड जमीन. कुणालाच नको होती, म्हणून तर त्याला मिळाली.

"र्‍हाऊ दे आता," बांधावर बसलेली त्याची आई सालोमीबाई म्हणाली. "केवढुशी हाय ती. मावंल."

तिच्या मांडीवर एस्तू होती, शांतवनच्या फौजी कांबळ्यात गुंडाळलेली. चार वर्षांची पोर पहाटे पटकीनं गेली होती, आणि आजीची मांडी अजून हलत होती, निजवताना हलते तशी.

सकाळपासून शांतवन दोन दारांवरून परतला होता. महारवाड्यात भावकीतल्या धुळानं मान खाली घालून सांगितलं, "तुज्या आज्यानं येशूला धरलं, तवाच आमच्या मसनवट्यातली तुमची जागा सुटली, गड्या." आणि मिशनच्या कबरस्तानात एस्तूच्या आईच्या कबरीशेजारी हातभर जागा मोकळी होती, पण तिथलं फाटक बंद होतं.

ते बंद फाटकच जणू आता चालत आलं. मिशनचे पाळकसाहेब, घामानं चिंब, पवित्र शास्त्राचं पुस्तक छातीशी धरून.

"शांतवन, पोर आमची आहे. तिचा बाप्तिस्मा मीच केला. मंडळी फाटकाशी थांबलीय. पण पंच म्हणतात, बाप कबरीवर प्रार्थना करणार नसेल तर कुलूप काढायचं नाही. तू परत ये असं मी म्हणत नाही, बाबा. डोळे मीट. शेवटी आमेन म्हण. एवढंच."

"आन न्हाई म्हनलं तर?"

पाळकसाहेबांनी खड्ड्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"म्हन की रं!" सालोमीबाई कळवळली. "बर्म्याच्या लढाईतनं मानसं घड्याळं आनत्यात, साबण आनत्यात. तू बुद्ध आनलास. आनलास ते आनलास, पर त्यो काय म्हनला व्हय तुला, लेकरू रानात टाक म्हून? एका शबुदानं जीभ झडती का तुजी? आईजवळ निजू दे की तिला."

शांतवननं डोळे मिटले. खरोखर मिटले. मरणाची सगळी गीतं त्याला लहानपणापासून पाठ होती, ती आपसूक गळ्याशी आली. एका शब्दाचं काम. फाटक उघडेल, घंटा वाजेल, चार माणसं खांदा देतील, एस्तू आईच्या कुशीला जाईल. त्यानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला, आणि त्याच्यामागं छातीत काहीच नव्हतं. आटलेल्या विहिरीत पोहरा आपटावा, तसं झालं.

"साहेब," तो डोळे उघडून म्हणाला, "ह्या पोरीशी एकदाबी खोटं बोललो न्हाई. आज कसं बोलू?"

 पाळकसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरूनच मागं फिरले, उन्हातून, वळून न बघता.

"गेलं," सालोमीबाई म्हणाली. "आता तूच म्हन काय म्हनायचं ते. तुज्या धर्मात मेल्यावर काय म्हनत्यात?"

त्याला माहीत नव्हतं.

बर्म्यात एका विहारात तो जखमी होऊन पडला होता, तेव्हा म्हाताऱ्या भिक्खूनं त्याला तीन ओळी शिकवल्या होत्या. त्या जित्या माणसानं स्वतःसाठी म्हणायच्या. मेलेल्यासाठी भिक्खू खूप वेळ काहीतरी म्हणत. त्यातलं अक्षर त्याला येत नव्हतं. आणि साताऱ्यापासून सांगलीपर्यंत विचारावं असा एक भिक्खू नव्हता. त्यानं फक्त बघितलं होतं: घरची माणसं बसून पाण्याची बारीक धार सोडतात आणि आपण केलेलं सगळं चांगलं गेलेल्या जिवाला देऊन टाकतात.

सालोमीबाईशेजारी तांब्या होता. नदीची वाळू उकरून वाटीवाटीनं भरलेला. शांतवन गुडघ्यावर बसला आणि त्यानं तो कलता केला.

"म्या जे काय चांगलं केलं आसंल, ते एस्तूला पोचू दे."

धार पडत होती. भुई ती लगेच गिळत होती, ओलसुद्धा मागं राहत नव्हती. काय बरं चांगलं केलं आपण? तो आठवू लागला. बंदूक आठवली. फौजेत जायला घरातनं निघताना एस्तूचं रडणं आठवलं. दुसरं काही आठवेना, आणि तांब्या हलका होत चालला.

सालोमीबाईनं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"भुईला नगं."

"रीत हाय ती, आई."

"भुईला नगं म्हनते न्हवं!"

तिनं तांब्या ओढून घेतला. तळाला घोटभर उरलं होतं. एका हातानं तिनं कांबळ्याची कड दूर केली. एस्तूचे ओठ वाळून चिरले होते.

"दोन दिस पानी पानी करत हुती रं," सालोमीबाई म्हणाली. "पटकीत पानी दिलं की मानूस दगावतं, म्हून म्या दिलं न्हाई. आन तू तिचं हात धरून ठेवलंस."



तिनं तांब्याची कड त्या ओठांना लावली. "पी, माजी बाय. आता कोन न्हाई म्हनत न्हाई."

पाणी आत जाईना. गालावरून कानाकडं ओघळू लागलं. तसा शांतवन पुढं सरकला, आणि मातीनं भरलेला हात एस्तूच्या मानेखाली घालून त्यानं तिचं डोकं थोडं वर उचलून धरलं. पाणी पिताना लेकराला ठसका लागू नये म्हणून धरतात, तसं.