चाचींचं नेट

दुपारी खालच्या कमरजहां चाची माझ्या छोट्या रेवाला जेवू घालायला घेऊन जातात, तेव्हा कुठे माझी ऑफिसची मीटिंग होते. त्यांना आमच्या वायफायचा पासवर्ड मीच दिलाय. पण नेमकं मी बोलायला लागले की नेट अडकतं. आज साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, घरून जमत नसेल तर उद्यापासून ऑफिसला या." चाची बसल्या असणार सिरियल बघत, दुसरं काय! चिडून पासवर्डच बदलून टाकला.

दहाच मिनिटांत बेल वाजली. दारात चाची, कडेवर रडून लाल झालेली रेवा, हातात वरणभाताची वाटी.

"बेटा, तुमचं नेट गेलं का गं? कार्टून बंद पडल्यापासून ही तोंडच उघडेना. मला कुठे येतं ते लावायला, रोज हीच लावते."