गार पाठ

आमच्या भावोजींनी बाइकवर घालायला कूलिंग जॅकेट घेतलंय. पाण्यात भिजवून अंगात चढवायचं, मग वारा लागला की पाठ गार. तेव्हापासून त्यांना बाकीची माणसं मूर्ख वाटतात. म्हणजे आधीही वाटायचीच, आता पुरावा मिळाला.

परवा भर दुपारी ताईला मागे बसवून आमच्याकडे आले. उतरल्या उतरल्या ताई माझ्या खांद्यावर कोसळली. तोंड लालबुंद, ओठ कोरडेठाक. मी तिला कसंबसं पंख्याखाली आडवं केलं. भावोजी आरशासमोर केस नीट करत होते.

"पाठीला हात लावून बघ माझ्या! सकाळी घरून निघताना एकदाच भिजवलं, अजून गारेगार. याला म्हणतात टेक्नॉलॉजी!" मग पलंगाकडे बघून तोंड वाकडं केलं. "आणि ही बघ. दोन मोठ्या बाटल्या भरून दिल्या होत्या हिच्याकडे, दोन्ही संपवल्या. एवढं पाणी पिऊनसुद्धा चक्कर! नुसती नाटकं."

ताईने डोळे न उघडताच विचारलं,



"अहो, मग दर सिग्नलला 'पाठीवर ओत, पाठीवर ओत' म्हणून कोण ओरडत होतं?"