क्लेमंट नॅन्स यांच्या स्मरणार्थ

इतिहास खोटं फार काळ पचवू शकत नाही, असं डॉ. ऑब्री थ्रेल यांनी युद्धकाळातल्या ब्रिटिश हेरांवरच्या आपल्या तिन्ही पुस्तकांच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं. आज ते पोर्टगॅरो गावच्या, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या सभागृहात, कधी जन्मालाच न आलेल्या एका माणसाच्या स्मृतिफलकापाशी उभे होते. फलकावर निळा पडदा होता. पडद्यामागे कोरलेलं होतं: क्लेमंट नॅन्स, विमा एजंट आणि देशभक्त.

नॅन्सवर त्यांच्या तिसऱ्या पुस्तकात आख्खं प्रकरण होतं. जर्मनांचा हेर असल्याचं सोंग घेऊन हा माणूस या बंदरातून त्यांना खोट्या बातम्या पुरवायचा. इमान मात्र लंडनशी. चव्वेचाळीस साली न्यूमोनियानं गेला. गावच्या वर्तमानपत्रात चार ओळींची मृत्युवार्ता होती. प्रकरण गाजलं, पुस्तकाला बक्षीस मिळालं, बक्षिसापाठोपाठ फलक आला. आणि परवा गुप्तचर खात्यातल्या एका नव्वदी ओलांडलेल्या निवृत्त अधिकाऱ्याचा फोन आला.

“नॅन्स? अहो, तो आम्ही जेवणाच्या सुट्टीत बनवला,” म्हातारा हसत सुटला. “जर्मनांना हेर हवे होते, आम्ही कागदावर पुरवले. नॅन्सची गुडघेदुखी माझी. पुढे त्या बंदरात खरीच जहाजं जमायला लागली. ती कळवावीत तर पंचाईत, न कळवावीत तर जर्मनांना संशय. मारून टाकला. पेपरातली बातमी मीच दिली. तुम्ही छान लिहिलंय हं. आमच्या मुलीला रडू आलं.”

थ्रेल यांनी दोन दिवस खपून कबुलीचं भाषण लिहिलं. ते आता कोटाच्या आतल्या खिशात होतं. नेहमीचं भाषण बाहेरच्या खिशात होतं.

पडद्याची दोरी ओढून बघणाऱ्या डेंझिल हॉकिंगना त्यांनी कोपऱ्यात घेतलं. हॉकिंग म्हणजे बंदरावरचे निवृत्त अधिकारी, आणि फलक समितीचे अध्यक्ष.

“हॉकिंगसाहेब, नॅन्स नावाचा माणूस नव्हताच.”

“हळू, राजा,” डेंझिल म्हणाले. “ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे? तो तुमच्या वडिलांकडून मासळी घ्यायचा, असं तुम्हीच मला सांगितलंत.”

“तुम्ही ऑक्सफर्डहून पावसात भिजत आलात. चहा घेतलात, आमच्या हिच्या हातचे केशराचे बन खाल्लेत, आणि तोंड एवढंसं करून विचारलंत, आठवतो का? नाही कसं म्हणायचं माणसानं? म्हटलं, चार मासळ्यांनी काय होतंय.”

“पण पाच जणांना आठवत होता तो.”

“पाच घरी चहा झाला असेल.”

थ्रेल यांचा हात आतल्या खिशाकडे गेला. डेंझिलनी मनगट धरलं.

“ते नको. समोर बघा.”

समोर पहिल्या रांगेत मिस लव्हडे पास्को बसल्या होत्या. वय त्र्याऐंशी, डोक्यावर जांभळी हॅट. आयुष्यभर त्यांनी गावातल्या मुलांना रविवारी बायबल शिकवलं होतं. त्रेचाळीसच्या नाताळात, आपल्या अठराव्या वर्षी, याच सभागृहात नॅन्स आपल्याबरोबर नाचला, असं त्यांनी थ्रेलना सांगितलं होतं. प्रकरण त्याच वाक्यावर संपत होतं. पुस्तक आल्यापासून पोस्टाच्या रांगेत लोक त्यांना पुढे सोडत.

“पडदा ती ओढणार आहे,” डेंझिल म्हणाले. “भर गावात तिला खोटी पाडू नका.”

थ्रेलना फार बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली. मग त्यांनी बाहेरच्या खिशातलं भाषण काढलं.

इतिहास खोटं फार काळ पचवू शकत नाही, या वाक्याला टाळ्या पडल्या. मिस पास्को उठल्या. त्यांनी दोरी हातात धरली, पण ओढली नाही.

“डॉक्टर, मला लाज वाटते,” त्या म्हणाल्या. आवाज लहान होता, पण सभागृहही लहान होतं. “सगळ्यांना ते आठवत होते. मलाच आठवेनात. म्हटलं, म्हातारीला भ्रम झाला म्हणतील. म्हणून नाचाचं सांगितलं. हे मेथडिस्टांचं सभागृह. इथं कधी पत्तेसुद्धा खेळू दिले नाहीत, नाच कुठला? मला वाटलं, तुमच्या लक्षात येईल. देशासाठी झिजून गेलेल्या माणसाच्या नावावर मी खोटं बोलले. तेव्हापासून धड झोप नाही मला.”

ज्यांना नॅन्स आठवत होता, ते बाकीचे तिघे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

डेंझिल थ्रेल यांच्या कानाशी वाकले.

“आता सांगून टाका. सुटेल बिचारी.”

थ्रेल यांनी आतल्या खिशावर हात ठेवला. लांबून बघणाऱ्याला तो छातीवर हात ठेवल्यासारखा दिसला, आणि लोक गहिवरले. शेवटच्या रांगेत प्रकाशक बसले होते. तेही गहिवरले होते.

“मिस पास्को,” थ्रेल म्हणाले, “क्लेमंटनी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं.”

टाळ्या बराच वेळ चालल्या. मिस पास्कोंनी डोळे पुसले आणि दोरी ओढली. डेंझिल बन वाटायला गेले. सगळ्यांना दिले, थ्रेल यांच्यापुढे मात्र त्यांनी ताट धरलं नाही.

वसंतात पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. नाचाचं वाक्य गाळलं आहे. बाकी प्रकरण तसंच आहे.