पडद्यावरचा सोमवार

डॉक्टर शेवाळ्यांनी बीपीची नवी गोळी आधी संगणकाच्या पडद्यावर बनवलेल्या भागीरथीबाईंच्या प्रतिकृतीला दिली. वय, किडनी, सवयी, सगळं खऱ्या भागीरथीबाईंसारखंच. दोन मिनिटांत पडद्यावर चार दिवस उलटले आणि ती मोरीत कोसळली.

"अगं बाई!" खुर्चीतल्या भागीरथीबाई उठल्याच. "कशानं हो?"

"सोमवार होता, आजी. कडक उपास, त्यात ही गोळी. तुमचंही असंच होईल. उपास सोडा म्हणून किती वर्षं सांगतोय!"

"माझं राहू द्या. तिला उठवा आधी."

"उपास सुटल्याशिवाय ती उठायची नाही."

चाळीस वर्षांचा नेम होता. भागीरथीबाईंनी पडद्यावरून हळूच हात फिरवला.

"सोडला सोमवार," त्या म्हणाल्या. "वाढा तिला. मऊ भात द्या, दात नाहीत तिला."