करडईतला चौकोन

नगरहून निघतानाच मी ठरवलं होतं, पुणतांब्याच्या मोहियोद्दीनभाईंच्या शब्दावर विसंबायचं नाही, शेत त्यांचं असलं तरी. देशात माणशी किती तेल खायला मिळतं, त्या ताळेबंदातला करडईचा आकडा अशाच शेतांतून जातो. आणि विम्याच्या पैशासाठी पिकाचा उतारा कमी दिसावा म्हणून लोक काय काय करतात, ते मी सोळा वर्षं पाहिलंय.

शेताच्या कोपऱ्यात उभं राहून मी मोबाईलवर सोडतीसारखे दोन आकडे काढले. लांबीत बावीस पावलं, रुंदीत नऊ. तिथे दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा, कापायचा, दाणे तोलायचे. हातापायांना फडकी गुंडाळून मी आणि मोहियोद्दीनभाई काट्यांत शिरलो.

चौकोन आधीच कापलेला होता. टेप लावून पाहिली, बरोब्बर दहा बाय पाच. भोवतीची करडई शाबूत, आत यायला वाट कुठेच नव्हती.

“कधी कापलंत?”

“म्याडम, आकडा आत्ता निघाला. मला आदुगर कसा कळंल?”

मी नवे आकडे काढले, त्यांना दाखवले नाहीत. तिथेही कापलेलं. खाली पडलेलं एक बोंड अजून हलत होतं.

मोबाईलमधूनच कोणीतरी आकडे फोडत असणार. कोपऱ्यावर परतून मी तो बंद केला, मोहियोद्दीनभाईंना माझ्यासमोरच उभं राहायला लावलं आणि आकडा नुसता मनात धरला. शून्य, शून्य. म्हणजे आम्ही उभे होतो तोच कोपरा. चोराला आता इथेच यावं लागणार होतं.

“म्याडम,” ते हळूच म्हणाले, “मनात बी धरू नका.”

शेतात विळ्याचा आवाज सुरू झाला. एकही झाड हलत नव्हतं. आवाज आमच्याकडे येत होता.