डावी बाजू

काळ्या तंबूसमोर जमिनीवर ताणलेल्या मागावर माहपरी एकटीच गालिचा विणत होती. तीस वर्षं तिच्या डावीकडे तिची जाऊ सनम बसायची. तिच्या गाठी कायम ढिल्या. "गालिचा वाकडा होतोय तुझ्यामुळे," म्हणून माहपरी रोज भांडायची. सनम हसत गाठी ठोकायचा पंजा आणखी हळू मारायची. हिवाळ्यात सनमला खालच्या मुलखात पुरलं आणि अर्धा गालिचा गाढवावर लादून टोळी उन्हाळ्यासाठी डोंगरात आली. आज शिराजहून सनमची लेक आली, गालिच्यावरून हात फिरवताना थबकली. "काकू, उजवीकडे दगडासारखं घट्ट. आई गेल्यावर विणलेलंही डावीकडे ढिलंच कसं?" "वय झालं माझं." "उसवून घट्ट करू?" "हात लावू नकोस." लेक चहा ठेवायला गेली. माहपरी डावीकडे सरकली, पंजा अलगद मारून परत आपल्या जागी बसली आणि रिकाम्या जागेला म्हणाली, "जरा जोर लाव गं."